उडी आणि मांडणी : पटावरचे नवे खेळ कसे रचावेत

सारीपाट कोणी शोधला, वाघबकरी प्रथम कोणी खेळली, हे प्रश्न आपल्या घरांत सहसा कोणी विचारीत नाही. पुरणपोळी कोणी शोधली, हे तरी कोण विचारतो? दोन्ही गोष्टी आजीकडून आल्या, एवढे उत्तर आपल्याला पुरते. त्यामुळे एक समजूत मात्र नकळत घट्ट होऊन बसली आहे. खेळ एकतर फार जुने असतात, नाहीतर ते दुकानात विकत मिळतात; घरी बसून रचावयाची ती वस्तू नव्हे, असे आपण धरून चालतो. ही समजूत खरी नाही, हे ह्या लेखात आम्हांस दाखवावयाचे आहे. नवा खेळ हा बहुधा जुन्याच खेळाचा एखादा नियम बदलून होतो, आणि तो बदल टिकाऊ आहे की नाही हे कागद, पेन्सिल आणि मूठभर चिंचोके यांच्या साहाय्याने कोणासही तपासता येते.

न्यासाच्या महोत्सवी अंकात खेळांचा विषय कशाला, असे कोणा ज्येष्ठ सभासदाच्या मनात येईल. शिक्षण, शिष्यवृत्त्या, वास्तू, देणग्या यांचा आढावा अन्यत्र आहेच. पण आपले पूर्वज मुलूख सोडून इकडे स्थायिक झाले तेव्हा देव आणि पोथ्या यांच्याबरोबर भाषा, सण आणि खेळही आले. भाषा व सण आपण प्रयत्नाने जपले. खेळ मात्र आपोआप टिकतील अशा भरवशावर सोडून दिले. तेव्हा ह्या विषयाला चार पाने दिली तर ती वाया जाणार नाहीत.

दोन क्रिया

पटावरच्या खेळांचे नियम लिहू गेल्यास वही भरेल; पण हाताने करावयाच्या क्रिया मोजक्याच असतात. त्यांतल्या दोन आपण पाहू. पहिली म्हणजे रिकाम्या घरात सोंगटी ठेवणे. तिला आपण मांडणी म्हणू. दुसरी म्हणजे शेजारच्या सोंगटीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात जाणे. ती उडी.

ह्या दोन्ही क्रिया एकत्र पाहावयाच्या असतील तर वाघबकरीसारखा खेळ नाही. हा खेळ देशभर निरनिराळ्या आकृत्यांवर खेळला जातो. तमिळ प्रदेशात त्याला आडु पुलि आट्टम म्हणतात, नेपाळात बाघचाल. नेपाळी पटावर पाच ओळींत पाच अशी पंचवीस ठिकाणे असतात. चार वाघ चार कोपऱ्यांत उभे राहतात आणि वीस बकऱ्या बाहेर असतात. बकरीवाल्याने एकेका खेळीस एक बकरी मांडावयाची. वीसही मांडून होईपर्यंत त्याला एकही बकरी हलवता येत नाही. वाघ मात्र पहिल्यापासून मोकळा. मागे रिकामी जागा असली की बकरीवरून उडी मारून तो तिला खातो. बकऱ्यांनी वाघांस असे कोंडावयाचे की एकालाही हलता येऊ नये. एका पक्षाजवळ उडी आहे, दुसऱ्याजवळ संख्या आहे. दोन्ही बाजूंस सारखीच सोंगटी नसूनही डाव रंगतो, कारण नियमांनी तोल राखला आहे. ज्याने हा तोल प्रथम साधला त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. पण तो मोठा कारागीर होता, यात शंका नाही.

नवकंकरीत उडी जवळजवळ नाही. तिथे मांडणीचे राज्य आहे. एकात एक तीन चौकोन, चोवीस ठिकाणे, प्रत्येकाचे नऊ खडे. तीन खडे ओळीत आले की प्रतिपक्षाचा एक खडा उचलावयाचा. सर्व खडे मांडून झाले की मग ते सरकवावयाचे. जुन्या देवळांच्या फरशांवर हा पट कोरलेला आजही दिसतो. १९९३ साली राल्फ गासर ह्या संशोधकाने संगणकावर ह्या खेळाचा पूर्ण छडा लावला. दोघांनीही निर्दोष खेळ केल्यास डाव बरोबरीत सुटतो, असे त्यातून सिद्ध झाले. ओट्यावर बसून खेळणाऱ्यांनी शतकानुशतके राखलेला तोल यंत्रालाही मान्य करावा लागला, ही गोष्ट आम्हांस मोठी गोड वाटते.

एक नियम बदलला की

आता नवा खेळ जन्मास कसा येतो ते पाहू. विलायती ड्राफ्ट्स खेळात प्रतिपक्षाच्या सोंगटीवरून उडी मारली की ती सोंगटी पटावरून जाते. अमेरिकेतील बॉस्टनचे एक शस्त्रवैद्य जॉर्ज हॉवर्ड मंक्स यांनी १८८३-८४ च्या सुमारास एक खेळ रचला. त्यात उडी आहे, पण मारणे नाही. आपल्या वा परक्या कोणत्याही सोंगटीवरून उडी मारावी, उडीला जोडून दुसरी उडी मारता आली तर तीही मारावी, आणि आपली सगळी फौज समोरच्या कोपऱ्यात नेऊन बसवावी. कोणी मरत नाही. पट सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ घरांचा. दोघे खेळत असल्यास प्रत्येकी एकोणीस सोंगट्या. खेळाचे नाव हाल्मा. ग्रीक भाषेत त्याचा अर्थच उडी. एक नियम गळला आणि युद्धाची शर्यत झाली. शत्रूची सोंगटी अडथळा न राहता आपल्याच वाटेवरची पायरी झाली.

पुढे १८९२ साली जर्मनीत ह्याच खेळाचा पट बदलण्यात आला. चौकोनाऐवजी सहा टोकांची चांदणी आली, १२१ घरे झाली आणि सहा जणांस एकत्र बसता येऊ लागले. हाच खेळ १९२८ साली अमेरिकेत नव्या नावाने विक्रीस आला आणि पुढे चायनीज चेकर्स म्हणून घरोघर गेला. चीनशी त्याचा काडीचा संबंध नाही. नाव दुकानदाराचे, पट जर्मनांचा, मूळ कल्पना बॉस्टनच्या वैद्याची.

तिसरा बदल खेळणाऱ्यांच्या संख्येत. दुसरा गडीच नको असे ठरविले तर काय होईल? एकट्याने उड्या मारावयाच्या, जिच्यावरून उडी मारली ती गोटी उचलावयाची, आणि शेवटी एकच गोटी उरवावयाची. आपल्याकडे हा खेळ ब्रेनव्हिटा नावाने घरोघर माहीत आहे. युरोपात त्याला सॉलिटेअर म्हणतात. फ्रान्समध्ये १६९७ साली कोरलेल्या एका चित्रात सूबीझची प्रिन्सेस ह्या पटाशेजारी बसलेली दिसते. म्हणजे खेळ निदान तेवढा जुना आहे.

ह्याच खेळाविषयी जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स याने १७१६ च्या एका पत्रात लिहिले, की आपल्याला तो उलटा खेळणे अधिक आवडते. गोट्या उचलीत जाण्याऐवजी गोट्या भरीत जावयाचे. रिकाम्या घरावरून उडी मारावी आणि ज्या घरावरून उडी मारली तिथे एक नवी गोटी ठेवावी. वाचकांच्या ध्यानी आले असेल की अशा रीतीने उडी हीच मांडणी होते. ही नुसती गंमत नव्हे. कोडे रचणाऱ्यास ह्यापेक्षा उपयोगी युक्ती नाही, हे पुढे दिसेल.

सात घरांचे कोडे

नियम थोडे असले म्हणजे कोडे हलके असते असे नाही. पाटीवर एका ओळीत सात घरे आखावीत. डावीकडच्या तीन घरांत चिंचोके, उजवीकडच्या तीन घरांत कवड्या ठेवाव्यात. मधले घर रिकामे. चिंचोक्यांनी फक्त उजवीकडे जावयाचे, कवड्यांनी फक्त डावीकडे. शेजारचे घर रिकामे असेल तर एक पाऊल टाकावे, अथवा विरुद्ध जातीच्या एका सोंगटीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात जावे. मागे फिरणे नाही, उचलणे नाही. दोन्ही बाजूंची अदलाबदल करावयाची. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८८३ साली ह्या कोड्याचा विचार मांडला आहे.

किती खेळ्या लागतील, हे न खेळताही सांगता येते. प्रत्येक सोंगटीला चार घरे पुढे जावयाचे आहे. सहा सोंगट्या, म्हणून एकूण २४ घरांचा प्रवास. प्रत्येक चिंचोक्याची प्रत्येक कवडीशी एकदा गाठ पडते आणि ती गाठ उडीनेच सुटते. तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ उड्या. एका उडीत दोन घरे सरतात, तेव्हा नऊ उड्यांत १८ घरे झाली. उरलेली सहा घरे पावलांनी चालावयाची. नऊ आणि सहा मिळून पंधरा खेळ्या. दोन्हीकडे चार-चार सोंगट्या घेतल्यास हाच हिशेब २४ येतो. शाळकरी मुलास हे एकदा समजले की त्याला गुणाकाराचा कंटाळा येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

न सुटणारे कोडे

येथे एका जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. मोठ्यांनी दिलेले कोडे सुटणारच, असा मुलांचा विश्वास असतो. ते तासन्‌तास झटतात, आणि सुटले नाही तर दोष आपल्या बुद्धीस देतात. कोडेच मुळात न सुटणारे असेल तर? मग आपण त्या मुलाची फसवणूक केली, आणि तीही त्याला न कळता. म्हणून कोडे रचणाऱ्याचे पहिले कर्तव्य म्हणजे ते सुटते की नाही याची खात्री करून घेणे. सुदैवाने उड्यांच्या कोड्यांना एक सोपी कसोटी आहे.

ब्रेनव्हिटाच्या ३३ घरांवर क, ख, ग ही अक्षरे पुढीलप्रमाणे लिहावीत :

· · ग क ख · ·
· · ख ग क · ·
ख ग क ख ग क ख
क ख ग क ख ग क
ग क ख ग क ख ग
· · क ख ग · ·
· · ग क ख · ·

आडवी वा उभी लागोपाठ कोणतीही तीन घरे घेतली तरी त्यांत क, ख, ग एकेकदा येतात. आता उडीत काय होते ते पाहा. गोटी पहिल्या घरातून उठते, मधली गोटी पटाबाहेर जाते, तिसऱ्या घरात गोटी येते. म्हणजे दोन अक्षरांवरच्या गोट्या एकेकीने कमी होतात आणि तिसऱ्या अक्षरावर एक वाढते. तिन्ही संख्या एकाच वेळी समच्या विषम आणि विषमच्या सम होतात. म्हणून ज्या दोन संख्या आरंभी एकाच जातीच्या, म्हणजे दोन्ही सम वा दोन्ही विषम, त्या अखेरपर्यंत एकाच जातीच्या राहतात. खेळणारा कितीही हुशार असो, ह्यातून सुटका नाही.

पटावर प्रत्येक अक्षराची अकरा घरे आहेत. मधले घर क चे. ते रिकामे ठेवले की क वर १०, ख वर ११, ग वर ११ गोट्या राहतात. ख आणि ग एका जातीच्या, क निराळा. शेवटी एकच गोटी उरावयाची तर संख्या १, ०, ० अशा होणार. त्यात शून्ये दोन आणि एक निराळा, हे जुळते. मात्र शेवटची गोटी क च्याच घरात असली पाहिजे. हीच अक्षरे आरशातल्याप्रमाणे उलट्या तिरप्या दिशेने लिहून पाहिली तर आणखी घरे गळतात, आणि शेवटची गोटी राहू शकेल अशी पाचच घरे उरतात. एक मधले, आणि चार बाजूंच्या टोकांवरचे मधले घर. जुळले म्हणजे कोडे सुटतेच असे नाही. पण येथे ते सुटते, हे सर्वांस ठाऊक आहे. लागोपाठच्या उड्या एकच खेळी धरल्यास ते अठरा खेळ्यांत सुटते, असे अर्नेस्ट बर्गहोल्ट यांनी १९१२ साली दाखविले. अठरापेक्षा कमी खेळ्यांत ते सुटणार नाही, हे जॉन बीस्ली यांनी १९६४ साली सिद्ध केले.

फ्रान्समध्ये मात्र ३७ घरांचा पट रूढ झाला. वरच्या आकृतीच्या चार खाचांत एकेक घर वाढविले की तो तयार होतो. अक्षरांचा क्रम पुढे चालविला तर ह्या चार घरांत दोन क, एक ख, एक ग येतात. आता क ची घरे १३, ख ची १२, ग ची १२. मधले घर रिकामे ठेवले की गोट्या १२, १२, १२. तिन्ही संख्या एकाच जातीच्या, आणि त्या तशाच राहणार. १, ०, ० ही स्थिती कधी येणेच शक्य नाही. दिसावयास अधिक सुबक, अधिक गोल असलेला हा पट मध्यापासून सुरू केल्यास मुळीच सुटत नाही. रिकामे घर दुसरे निवडल्यास काही ठिकाणी तो सुटतो. चार घरे वाढविणे हा केवढा लहान बदल! पण तपास न करता तो कोणाच्या हाती दिला तर जन्मभर खेळूनही पदरी निराशाच.

पाचवी ओळ

उडीची शक्ती कुठे संपते, याचे एक नवलाचे उदाहरण इंग्रज गणिती जॉन कॉनवे (१९३७-२०२०) यांनी १९६१ साली पुढे ठेवले. वाटेल तेवढा मोठा चौकटींचा पट घ्यावा आणि त्यावर एक आडवी रेघ मारावी. रेघेखाली वाटेल तितके शिपाई उभे करावेत. एकमेकांवरून सरळ उड्या मारीत, ज्यावरून उडी मारली तो शिपाई उचलीत, रेघेपलीकडे जास्तीत जास्त किती ओळी जाता येईल?

पहिल्या ओळीत जावयास दोन शिपाई लागतात, दुसऱ्या ओळीस चार, तिसऱ्या ओळीस आठ. चौथ्या ओळीस सोळा लागतील असे आपण म्हणतो. पण वीस लागतात. पाचव्या ओळीस किती? उत्तर असे, की हजार नव्हे, लाख नव्हे, कोटी शिपाई घेतले तरी पाचव्या ओळीत एकही पोहोचत नाही.

ह्याचे कारण हिशेबी माणसास लगेच पटेल. पाचव्या ओळीतल्या ठरलेल्या घराची किंमत एक रुपया धरा. तिथून जसजसे दूर जावे तसतशी घराची किंमत उतरत जाते, आणि ती अशी बेताने उतरवावयाची की कोणत्याही घराची किंमत त्याच्यापुढच्या, एकेक पाऊल दूरच्या दोन घरांच्या किमतींच्या बेरजेइतकी भरावी. मग लक्ष्याकडे मारलेल्या उडीत दोन शिपायांची किंमत देऊन तेवढ्याच किमतीचा एक शिपाई मिळतो. इतर उड्यांत तोटाच होतो. नफा कधीच नाही. रेघेखालच्या अनंत घरांची सगळी किंमत मिळवली तर ती नेमका एक रुपया भरते. फौज मोजकी असेल तर तिची किंमत रुपयाहून कमीच असणार, आणि रुपयाहून कमी भांडवलात रुपयाची वस्तू कशी येणार?

मांडणीचा न्याय

आता मांडणीकडे वळू. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे ठेवा की कोणीही कोणास मारू शकणार नाही. हे कोडे जर्मनीतील माक्स बेत्सेल यांनी १८४८ साली घातले. १८५० साली फ्रान्झ नाउक यांनी त्याच्या सर्व, म्हणजे ९२ मांडण्या दिल्या. पट फिरवून वा आरशात पाहून सारख्या दिसणाऱ्या मांडण्या एक धरल्या तर मूळ मांडण्या बाराच. त्यांतली एक अशी : पहिल्या स्तंभापासून क्रमाने १, ५, ८, ६, ३, ७, २, ४ ह्या ओळींत वजीर ठेवावेत. मुलांनी आधी लहान पटावर प्रयत्न करावा. तीन गुणिले तीनच्या पटावर तीन वजीर बसत नाहीत; चार गुणिले चारच्या पटावर चार बसतात. मोठे कोडे लहान करून पाहणे ही रचणाऱ्याची दुसरी कसोटी होय.

दोघांचा खेळ असेल तर सुटण्याऐवजी न्यायाचा प्रश्न येतो. डेन्मार्कचे पीट हाइन यांनी १९४२ साली, आणि अमेरिकेत जॉन नॅश यांनी १९४८ साली स्वतंत्रपणे, एकच खेळ शोधला. आज त्याला हेक्स म्हणतात. मधाच्या पोळ्यासारख्या षट्‌कोनी घरांचा तिरपा चौकोन. बहुधा अकरा गुणिले अकरा घरांचा. दोघांनी आळीपाळीने आपली सोंगटी कोणत्याही रिकाम्या घरात मांडावी. एकाने डावी-उजवी बाजू आपल्या सोंगट्यांच्या साखळीने जोडावयाची, दुसऱ्याने वरची-खालची. हलविणे नाही, उचलणे नाही, मारणे नाही. पट भरला तर दोघांपैकी एकाची साखळी पुरी झालेलीच असते. बरोबरी होऊच शकत नाही.

पण नॅश यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. जास्तीची सोंगटी ह्या खेळात कधी अंगाशी येत नाही. म्हणून प्रथम खेळणाऱ्याजवळ जिंकण्याची रीत असलीच पाहिजे. म्हणजे आरंभच असमान! यावर खेळणाऱ्यांनी उपाय काढला तो आपल्या घरांतला जुनाच. एका भावाने वडी कापावी, दुसऱ्याने तुकडा निवडावा. एकाने पहिली सोंगटी मांडावी. मग ती बाजू घ्यावयाची की समोरची, हे दुसऱ्याने ठरवावे. पहिला आपोआप सचोटीने वागतो.

घरी रचून पाहा

हे सर्व थोरामोठ्यांचे झाले. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडेयर (१७९४-१८६८) यांचा राज्यकारभार इंग्रजांनी १८३१ साली आपल्या हाती घेतला, त्यानंतर त्यांनी पटांवरचे खेळ आणि बुद्धिबळातील घोड्याच्या उड्यांची कोडी रचण्यात बराच काळ घालविला. आपल्याजवळ राजवाडा नाही. पण पुठ्ठा आहे आणि दुपारही आहे. तेव्हा एक लहानसा पट घेऊ.

वरच्या ओळीत एक, खाली दोन, मग तीन, मग चार, अशी दहा घरांची त्रिकोणी मांडणी करा. वरून खाली, डावीकडून उजवीकडे १ ते १० आकडे घाला. नऊ घरांत चिंचोके ठेवा, एक घर रिकामे. त्रिकोणाच्या तिन्ही दिशांनी सरळ उड्या मारता येतात. ज्यावरून उडी मारली तो चिंचोका उचला. शेवटी एक उरवा. कोणते घर रिकामे ठेवावे?

कसोटी लावा. ओळीने अक्षरे लिहा : क, ख ग, ग क ख, क ख ग क. क ची घरे चार येतात, म्हणजे तीन कोपरे आणि मधले, पाच क्रमांकाचे घर. ख आणि ग ची तीन-तीन. कोपरा किंवा मध्य रिकामा ठेवला की संख्या ३, ३, ३. कोडे सुटणे नाही. मुले नेमका कोपराच रिकामा ठेवतात! उरलेल्या सहा घरांपैकी, समजा, २ क्रमांकाचे घर रिकामे ठेवा. मग ते आठ उड्यांत सुटते : ७ वरून २ वर, ९ वरून ७, १ वरून ४, ७ वरून २, ६ वरून ४, ४ वरून १, १ वरून ६, १० वरून ३. शेवटचा चिंचोका ३ वर राहतो. इतर पाच घरे ह्याचीच फिरवलेली रूपे आहेत, म्हणून तीही सुटतात.

लहान मुलास हे जड जाईल. तिथे लायब्निट्सची युक्ती कामास आणावी. ३ वर एकच चिंचोका ठेवून उलट खेळा. तीन उलट्या उड्या मारल्या की २, ३, ४ आणि १० ह्या घरांत चार चिंचोके होतात. ही मांडणी मुलापुढे ठेवून तीन उड्यांत एक उरवावयास सांगा. शेवटापासून मागे येत रचलेले कोडे सुटतेच. त्यास निराळ्या खात्रीची गरज नाही. चार उड्या मागे गेल्यास थोडे अवघड, पाच गेल्यास आणखी अवघड. घरातल्या प्रत्येक वयाला पुरेल असे कोडे एकाच पटातून निघते.

सारांश चार वाक्यांत सांगता येईल. जुना खेळ घ्यावा आणि त्याचा एकच नियम बदलावा. लहान पटावर आधी खेळून पाहावे. एकट्याचे कोडे असेल तर ते सुटते याची खात्री करावी, दोघांचा खेळ असेल तर पहिल्याला फाजील लाभ नाही ना हे पाहावे. आणि जो नियम ठरेल तो लिहून ठेवावा.

ह्या शेवटच्या सूचनेवर आमचा विशेष भर आहे. दगडात कोरलेले पट शतके टिकतात. पण ते कसे खेळावयाचे हे सांगणारी माणसे शतकभरही राहत नाहीत. आपल्या कुटुंबांत ज्या वडीलधाऱ्यांना वाघबकरीचा पट आठवतो, नवकंकरीचे बारीकसारीक नियम आठवतात, त्यांच्याजवळ नातवंडांनी एक दुपार बसावे. पट काढून घ्यावा. सोंगट्या किती, आरंभ कोणाचा, जिंकले कोणी म्हणावयाचे, हे वहीत उतरवून घ्यावे. मग त्यांतला एखादा नियम बदलून आपला स्वतःचा खेळ रचावा आणि आजीलाच पहिला डाव मांडावयास सांगावे. ती हरली तरी खूश होईल. आणि जिंकली तर आपला खेळ खेळण्याजोगा आहे, अशी खात्री बाळगावयास हरकत नाही.